निरोपाचं शेवटचं कडवं

वेंडेल मास्तरांनी इतक्या वर्षांत फेल्शोरेत गावातला एकही माणूस मुक्याने मातीत जाऊ दिला नव्हता. चर्चच्या शाळेत पोरांना गाणं शिकवायचं, रविवारी ऑर्गन वाजवायचा आणि कुणी गेलं की त्याच्या वतीने निरोप गायचा, अशी ती एकाच भाकरीवरची तीन कामं होती. निरोप म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडचं गाणं. मास्तर ते स्वतः रचत आणि उघड्या खड्ड्यापाशी उभे राहून गात. लेकरांना एकेक कडवं, भावाबहिणींना, सुनाजावयांना, एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या शेजाऱ्यालासुद्धा, सगळ्यांना नावानिशी. शेवटचं कडवं नवऱ्याला नाहीतर बायकोला. ते झालं की माती.

नाव गाळून चालत नसे. ज्याचा निरोप राहिला त्याच्यासाठी मेलेल्याचा पाय उंबऱ्यात अडकतो, असं म्हाताऱ्या म्हणत. म्हाताऱ्यांचं सोडा, जिवंत माणसंच जास्त अडून बसत. वेरोन साल्मा गेली तेव्हा तिचा धाकटा जावई मास्तरांच्या ध्यानातून निसटला. त्या जावयाने त्यानंतर शाळेच्या शेगडीला लाकडाचं एक ढलपं दिलं नाही. त्याचा पोरगा वर्गात येऊन बसायचा, पण गायचा नाही. बापाने बजावलं होतं, ज्याला आपलं नाव ठाऊक नाही त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही. मास्तर त्या दारावरून जाताना अजून मान खाली घालत.

त्या जूनमध्ये पाऊस रुसला होता. वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या, बाहेर रस्त्यावरची धूळ जागची हलत नव्हती. पोरं अनवाणी बसलेली. मास्तरांनी सूर देणारा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, मग हाताने खुणा करायला लागले. मूठ म्हणजे दो, तिरका पंजा म्हणजे रे, आडवा पंजा म्हणजे मी. पोरं हाताकडे बघून गात होती. मध्येच मास्तरांनी मूठ छातीशी नेली. म्हणजे आवाज बंद. आता गाणं मनात चालवायचं, तळहाताने गुडघ्यावर ठोके मोजायचे आणि हात पुढे आला की सगळ्यांनी एकदम उचलायचं.

जोफी नावाची पोर नेहमीप्रमाणे आधीच घुसली. उवांपायी तिचे केस कातरलेले होते, आणि आवाज मात्र सगळ्या वर्गात खणखणीत.

"जोफे, कुठं पळतेस?"

"मला वाटलं संपलं, मास्तर."

"गाडी थांबली म्हणून घोडा मरतो का?"

"न्हाई."

"मग मोज. गायचं नसतं तेव्हाही मोजायचं. न मोजता जो गप्प बसतो, तो नुसता झोपलेला असतो."

पोरं हसली. त्या शाळेतला त्यांचा तो शेवटचा सुखाचा तास होता म्हणायला हरकत नाही. त्याच आठवड्यात बुडापेस्टहून हुकूम आला की चर्चच्या सगळ्या शाळा आता सरकारच्या.

नवा हेडमास्तर केलेमेन आला तेव्हा मास्तर मक्यात होते. मास्तराच्या जागेबरोबर मिळणारा जमिनीचा तुकडा होता तो, गावाच्या टोकाला. मक्याची पानं उन्हाने गुंडाळून आली होती. मास्तरांच्या अंगावर काळी बंडी, हातात कुदळी आणि तळहातावर फोड. केलेमेन त्यांच्या मुलासारखा शोभेल अशा वयाचा, एका शेतमजुराचा मुलगा. तो बांधावर थोडा वेळ उभा राहिला.

"मास्तर, मुळं तोडताय तुम्ही. द्या इकडं."

त्याने कुदळी घेतली आणि बोलता बोलता एक सरी साफ करून दाखवली. माती कशी भुसभुशीत पडत गेली. मास्तर रिकाम्या हातांनी त्याच्या मागून चालत राहिले.

"वर्ग तुमचाच राहील," केलेमेन म्हणाला. "घरही राहील, हा तुकडाही राहील. तुमच्यासारखा गाणं शिकवणारा तालुक्यात नाही, हे मी वर सांगून आलोय. पण दोन्ही दरडींवर हात ठेवता यायचा नाही. ऑर्गन नको. मयताला गाणं नको."

"मयताला काय हरकत आहे? मेलेला माणूस काय कुणाच्या विरुद्ध बोलतो?"

"मेलेला नाही बोलत, तुम्ही बोलता. त्याच्या नावाने." केलेमेनने कुदळीचं पातं बुटावर पुसलं. "मला काय आवडतंय का हे? माझ्या आजीचा निरोप तुमच्यासारख्याच एका मास्तराने गायला होता. माझं नाव होतं त्यात. पण माझ्याही डोक्यावर कुणी आहे. हे कबूल असल्याची सही करा नाहीतर सप्टेंबरच्या आत घर मोकळं करा."

घर शाळेच्या भिंतीला लागून होतं. आत आपोलोनिया होती, मास्तरांची बायको. वसंतापासून तिच्या छातीत बिघाड झाला होता. ती उशांना टेकून बसे आणि मांडीवर परात घेऊन घेवडा सोले. एक शेंग सोलली की दम घ्यायची. डॉक्टरने मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पण तिला बाजूला घेऊन सांगायची गरजच नव्हती. ती त्याच्या आधीच काय ते समजली होती.

"काय म्हणतो तुमचा हेडमास्तर?" तिने विचारलं.

"सही मागतो."

"आणि?"

"केली."

परातीत दाणे पडायचे थांबले. एकोणीस वर्षांची एतेल्का चुलीपाशी उभी होती. तिने बापाकडे पाठ केली आणि शिजत नसलेलं भांडं ढवळायला लागली.

"म्हणजे माझं गाणं कोण गाणार?" आपोलोनियाने अगदी मीठ आहे का विचारावं तसं विचारलं.

"तू बरी होशील."

"मी काय विचारलं?"

"पोले, थंडी येते आहे. ह्या चार भिंती गेल्या तर तुला कुठं नेऊ? त्या घंटेवाल्या अम्ब्रुशच्या गोठ्यात? एतेल्काचं काय? तुझ्यासाठीच केली ना सही."

"माझ्या नावावर नका खपवू," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे छप्पर मागितलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं की आधी मी जाणार, आणि निरोप तुम्ही गायचा. सगळ्या गावाला गायलात. त्या दारुड्या फेरेन्सला सहा कडवी गायलात, त्यातलं एक त्याच्या घोडीला. मला तुमच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं."

"मेल्यावर ऐकू येत नाही."

"इतकी वर्षं लोकांना उलटं सांगत आलात की."

मग ती खोकायला लागली आणि बोलणं तिथंच राहिलं. मास्तरांनी पाणी दिलं, तिने घेतलं. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती पुन्हा घेवडा सोलायला लागली.

आणि गंमत म्हणजे, त्यांनी तिचा निरोप रचला होता. मक्यात कुदळी मारताना कडव्यांमागून कडवी जुळत गेली, हाताला चाळा असला की त्यांना सुचायचं. तिची बहीण रोझाल, एतेल्का, शेजारीण, आणि शेवटी ते स्वतः. ते शेवटचं कडवं इतकं बरोबर बसलं की ते सरीत खाली बसले आणि रडले. एका ओळीतला एक शब्द त्यांना खटकत होता, तोही ऑगस्टमध्ये बदलला. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. गाणार नसलेलं गाणं कुठल्या तोंडाने सांगायचं?

सप्टेंबरात केलेमेनने रविवारचा सराव ठेवला, नेमका प्रार्थनेच्या वेळी. वर्गातल्या भिंतीवर क्रूस होता तिथं आता एक फिकट चौकोन राहिला होता, अन् पोरं नवं गाणं शिकत होती, ट्रॅक्टरचं. गाणं वाईट नव्हतं, मास्तरांनी त्यात दोन आवाजांची जोडणीही करून दिली. काम समोर आलं की ते नीट करायची त्यांना खोडच होती.

खिडकीतून चर्च ऐकू यायचं. ऑर्गन वाजवायला कुणी नव्हतं. अम्ब्रुश घंटा वाजवायचा, खड्डे खणायचा आणि जन्मभर ऑर्गनचा भाता पायाने दाबायचा. आता भाता दाबून उपयोग नव्हता, म्हणून तोच पुढे उभा राहून सुरुवात करून द्यायचा. लोक गायचे, पण धरून ठेवणारं कुणी नसल्यामुळे सूर प्रत्येक ओळीला खाली उतरायचा. शेवटच्या कडव्यापर्यंत म्हातारे नुसते घोगऱ्या आवाजात पुटपुटत असायचे.

"मास्तर, ते खाली चाललेत," जोफी म्हणाली.

"तू आपल्या गाण्याकडे बघ."

"पन माझी आजी पन तिथं हाय. तिला कुनीतरी सूर द्या ना."

मास्तरांच्या हातात लोखंडी चिमटा होता. खिडकी उघडी होती. एकदा आपटून खिडकीत धरला असता तरी चर्चमधल्या पुढच्या बाकांवरच्या माणसांनी ऐकलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. केलेमेन मागच्या बाकावर वही तपासत बसला होता. मास्तरांनी चिमटा खिशात ठेवला आणि खिडकी लावून घेतली. उकाड्याने पोरांचे चेहरे लाल झाले, पण कुणी तक्रार केली नाही.

आलुबुखारे पिकले. गावात दर घरी अंगणात कढई चढते आणि दिवसभर मुरंबा आटवावा लागतो. साखर घालायची नाही, लांब दांड्याच्या आडव्या पळीने सतत ढवळायचं, नाहीतर बुडाला लागतो. त्या वर्षी शेजारणींनी कढई सामाईक लावली, मास्तरांच्या अंगणात. आपोलोनियाचा हात या कामात गावात पहिला. तिला बाहेर खुर्चीत आणून बसवलं, अंगावर शाल. थोड्या वेळाने तिने पळीसाठी हात पुढे केला.

"राहू दे गं," शेजारीण मारी म्हणाली. "तू नुस्ती बघ."

"दोन फेऱ्या घेते."

"अगं, राहू दे म्हनलं ना." मारीने पळी दुसऱ्या बाजूला घेतली. "समद्यांच्या पोरांनी खायचा हाय मुरंबा."

आपोलोनियाने हात शालीत घेतला. शेजारणी कढईकडे बघत राहिल्या. फक्त अम्ब्रुश लाकडं फोडत होता, तो कुऱ्हाड ठेवून तिच्या खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसला. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती आणि तो मान हलवत होता. मास्तर शाळेतून आले तेव्हा ती दोघं तशीच. मास्तर दिसले तसा अम्ब्रुश उठला.

"काय बोलत होतात दोघं?" मास्तरांनी रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" आपोलोनिया म्हणाली. "तुम्ही सही केलीत ना, मग निवांत राहा."

त्यानंतर अम्ब्रुश रोज यायचा, मास्तर शाळेत असताना. एतेल्का दार लावून घ्यायची. अम्ब्रुशला लिहितावाचता येत नव्हतं, पण सगळी प्रार्थना त्याला कानावरून पाठ होती. भिंतीला लागून वर्ग होता. कधीकधी पोरांनी श्वास घेतला की मधल्या शांततेत भिंतीपलीकडून त्याचा चिरका आवाज आणि मागून तिचा खोकला ऐकू यायचा. मास्तर न समजण्याइतके खुळे नव्हते. ते पोरांना लगेच पुढचं गाणं द्यायचे.

मका मोडून घरात आला त्या आठवड्यात ती गेली. सकाळी एतेल्काने दूध नेलं तेव्हा हात गार होता. शेजारणी आल्या, त्यांनी आरसा झाकला, खिडकी उघडली. पळी काढून घेणारी मारी सगळ्यात जास्त रडली आणि तिनेच अंघोळ घातली.

दुसऱ्या दिवशी केलेमेन दारात आला. टोपी हातात होती.

"मास्तर, तुमच्या दुःखात मी आहे," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "शवपेटीमागून चाला, रडा, कोण अडवतं? नवराच आहात तुम्ही. फक्त तोंड उघडू नका. तालुक्याचा माणूस आज इथंच आहे, मका मोजायला. तो स्मशानाच्या फाटकापर्यंत येणार म्हणतो."

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

"उद्या सुट्टी घ्या."

"ठीक आहे."

स्मशान गावाच्या वरच्या अंगाला, बाभळींच्या आत. वारा होता आणि ओली माती बुटांना चिकटत होती. पोरं आपापल्या आयांबरोबर आली होती आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने पुढे, मास्तरांच्या समोर, ओळीत उभी राहिली होती. फाटकापाशी केलेमेन आणि दुसरा एक जाड कोटातला माणूस. फादरांनी प्रार्थना उरकली. मग अम्ब्रुश खड्ड्याच्या कडेला आला. त्यानेच पहाटे तो खणला होता, नखांत माती होती. त्याने घसा साफ केला आणि गायला लागला.

सूर नव्हता, पण शब्द तिचे होते. मास्तरांनी लगेच ओळखले. त्यात त्यांच्यासारखी सफाई नव्हती, ती बोलायची तसंच सगळं होतं.

एतेल्का लेकी, निघाले मी आज,
गार पडला गं आईचा हात.
दार लावून घे, वारा सुटला,
रडत बसू नको सारी रात.

एतेल्का वाकली, तिला मावशीने धरलं. पुढचं कडवं मावशीला, रोझालला. मग भाच्यांना, एकेकाच्या नावाने. मग मारीला:

मारी शेजारणी, येते गं आता,
पळी तुझ्या हाती दिली मी खास.
कढई लागेल, ढवळत राहा,
तुझ्या लेकरांना गोड हो घास.

मारीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकही नाव सुटलं नाही. वेरोन साल्माच्या त्या धाकट्या जावयालासुद्धा तिने निरोप दिला, मास्तरांच्या चुकीबद्दल माफी मागून, आणि तो रांगडा माणूस टोपी काढून उभा राहिला. मग शाळेच्या पोरांना. मग अम्ब्रुशने स्वतःचंच नाव गायलं आणि त्यात त्याचा आवाज फाटला.

आणि तो थांबला.

सगळ्या गावाला ठाऊक होतं की आता कुणाचं कडवं. सगळ्यांनी अम्ब्रुशकडे पाहिलं. अम्ब्रुशने मास्तरांकडे पाहिलं आणि हात खाली सोडले. तो संपवून बाजूला झाला नाही, फावड्याला हात लावला नाही. एका कडव्याची जागा सोडून तो तिथंच उभा राहिला.

मास्तरांना कळलं. तिने त्यांना टाकलं नव्हतं, त्यांची ओळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. कडवं तयार होतं. बदललेल्या शब्दासकट तयार होतं, जिभेवर होतं. फाटकापाशी जाड कोटातल्या माणसाने केलेमेनला काहीतरी विचारलं. केलेमेन मान हलवून नाही म्हणाला. मास्तरांना घराची खिडकी आठवली, शेगडी, आढ्याला टांगलेली मक्याची कणसं, एतेल्काची शिलाईची टोपली. माणसाला अशा वेळी काय काय आठवतं, आणि त्यात आढ्याची कणसंही असतात, याची लाज वाटते. त्यांनी मूठ छातीशी धरली. समोर ओळीत पोरं उभी होती. त्यांच्याकडे मास्तरांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या हाताची बोटं कोटावर ठोके मोजत होती, ती त्यांनी सांगितल्यावाचूनच.

एक कडवं जाईल इतका वेळ गेला. हात पुढे आला नाही.

"माती," अम्ब्रुश म्हणाला आणि फावडं उचललं.

परतताना कुणी मास्तरांना टाकून बोललं नाही. लोकांनी हातात हात दिला, पुढे गेले. अम्ब्रुश मात्र फाटकाशी थांबला.

"मास्तर, माझ्यावर राग धरू नका. तिनंच सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हनली, शेवटचं तू गाऊ नगंस, ते गातील. म्या म्हनलं, आन न्हाई गायलं तर? तर म्हनली, तेवढा येळ थांब, मग माती टाक. लई येळ थांबू नगंस, त्यांना त्रास व्हतो."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिने शेवटपर्यंत त्यांची कीव केली हेच त्यांना सोसवेना.

घरी मक्याचा ढीग पडला होता. सोलायलाच हवा, नाहीतर बुरशी धरते. एतेल्का आणि मास्तर समोरासमोर बसून कणसांचा पाला ओढत राहिले. पाल्याच्या कडेने बोटं चिरत होती. एतेल्का जेवायला वाढायची, बंडीचं बटण लावून द्यायची, पण बोलायची नाही. निजायला जाताना ती आईच्या खोलीचं दार उघडं ठेवी.

"वारा येतो," मास्तर म्हणाले.

"येऊ दे," ती म्हणाली. "आईचा पाय अडकलाय उंबऱ्यात. दार लावलं तर चेंगरेल."

त्या दिवसांत ती एवढंच बोलली.

मास्तरांनी सुट्टी घेतली नाही. वर्गात ट्रॅक्टरचं गाणं बसून झालं होतं, आता दुसरं एक धरणाचं आलं होतं. पोरं नीट गात होती, नेहमीपेक्षा नीट. जोफी आता कुठेही आधी घुसत नव्हती. मास्तरांचं तिच्याकडे लक्ष गेलं की ती नजर खाली घाली.

आठवड्याच्या शेवटी, मधल्या सुट्टीत, मास्तर हातघंटा घेऊन ओसरीवर आले. अंगणात तुतीच्या झाडाखाली पोरांचा घोळका होता. बोरी नावाची पोर मक्याच्या पाल्यावर डोळे मिटून आडवी पडली होती. हात छातीवर, डोक्याला आईचा रुमाल. बाकीची पोरं गोल उभी. जोफी बोरीच्या डोक्यापाशी उभी राहून अम्ब्रुशचा चिरका आवाज काढून गात होती. पहिल्यांदा मास्तरांना वाटलं की चेष्टा आहे. ती चेष्टा नव्हती. जोफीला सगळा निरोप पाठ होता, एका ऐकण्यात. एतेल्का, रोझाल, भाचे, मारी, साल्म्यांचा जावई, अम्ब्रुश. ज्या पोराच्या बापाचं नाव आलं तो पोरगा डोळे पुसायचं सोंग करत होता. एकाला सोंग करता करता खरंच रडू आलं.

केलेमेन मागे येऊन उभा राहिला. हातात पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस होतं.

"काय खेळतायत?"



जोफी थांबली. तिने मूठ छातीशी नेली, थेट मास्तरांसारखी. सगळी पोरं खाली बसली आणि तळहाताने गुडघ्यांवर, अजिबात आवाज न करता, ठोके मोजायला लागली. कुणी घाई केली नाही. कुणी हसलं नाही. शिकवलं होतं तसं, बरोबर मापात ती गप्प होती.

"सुट्टी संपली, मास्तर," केलेमेन म्हणाला. "घंटा द्या."

मास्तरांनी घंटेची जीभ मुठीत धरून ठेवली होती.

"एक कडवं राहिलंय त्यांचं," ते म्हणाले. "होऊ द्या."

पोरांचे हात पडत होते आणि उचलत होते. त्या ठोक्यांवर मास्तरांच्या तोंडातलं कडवं ओळीमागून ओळ बसत गेलं, उन्हाळ्यात मक्यात बसलं होतं तसंच. एकही मात्रा कमी पडली नाही, एकही उरली नाही. ओठ हलले असतील किंवा नसतीलही, केलेमेनने पावाचा घास घेतला तेव्हा तो दुसरीकडे बघत होता.

"माती," जोफी म्हणाली.

पोरांनी मूठमूठ तुतीची वाळकी पानं बोरीवर टाकली. बोरी उठली आणि घागरा झटकायला लागली. मग मास्तरांनी घंटेची जीभ सोडली आणि घंटा दिली.